रक्ती हगवणीची लस आणि हिंसेची व्याख्या

कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर आज जी लस बहुतेक ठिकाणी वापरली जाते, तिच्या बाटलीत जिवंत रोगच भरलेला असतो. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीच्या कठीण कवचाच्या अतिसूक्ष्म पुट्या, म्हणजे ऊसिस्ट, पाण्यात कालवून एका दिवसाच्या पिल्लांवर फवारतात. पाण्यात रंग मिसळलेला असतो. रंगीत थेंब दिसले की पिल्ले स्वतःच्या आणि शेजारच्या पिल्लाच्या अंगावरून ते चोचीने टिपतात आणि रोग पोटात जातो. आतड्याच्या काही पेशी फुटतात, पिल्लू थोडे मलूल होते आणि पुढच्या जीवघेण्या आजाराला तोंड देण्याची ताकद त्याच्यात येऊ लागते. निरोगी जिवाला जाणूनबुजून रोग देणे ही हिंसा की दया, हा प्रश्न त्या फवाऱ्याबरोबरच उभा राहतो.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न परका वाटत नाही. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक या शहरात आहे. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळच्या एकाच डोंगरात १ ते १२ ही बौद्ध आणि ३० ते ३४ ही जैन लेणी कोरलेली आहेत. दक्षिणेला एकनाथ महाराजांचे पैठण आहे. जीव, वेदना आणि हेतू यांचा हिशेब या भूमीत फार पूर्वीपासून मांडला गेला आहे. कोंबडीचे पिल्लू त्या हिशेबाबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

कोंबडीला बाधणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती सर्वमान्य आहेत. प्रत्येक जातीची आतड्यातली जागा ठरलेली असते. त्यातली टेनेला ही जात आंधळ्या आतड्यात शिरते आणि तिथले अस्तर अक्षरशः उसवते. बाधलेले पिल्लू पंख पाडून, पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहते. जमिनीवर अंथरलेल्या तुसावर रक्ताने लाल झालेली विष्ठा दिसते आणि दोन-चार दिवसांत मरतूक सुरू होते. एका जातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीला रोखत नाही, म्हणून लशीत अनेक जाती एकत्र घालाव्या लागतात. १९४८ पासून खाद्यात सल्फाक्विनॉक्सॅलिन आणि १९७० च्या दशकापासून मोनेन्सिनसारखी औषधे मिसळली जाऊ लागली; परजीवी हळूहळू त्यांना सरावले. जिवंत लस अमेरिकेत १९५२ साली बाजारात आली. १९८९ साली ब्रिटनमध्ये सौम्य लस आली. तिच्यासाठी आपला जीवनक्रम लवकर उरकणारे परजीवी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले होते. घाईने पिकणारा असा परजीवी पोटात कमी वाढतो आणि आतड्याची नासाडीही कमी करतो.

जैन विचारात परजीवी हाही जीव आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या उतरंडीत तो अगदी खालच्या पायरीवर येईल, पण बाहेर पडणार नाही. औषध त्याला मारते, लस त्याला आत घेते. एवढ्यावरून लस अहिंसक ठरवण्याचा मोह होतो, पण तो टिकत नाही. प्रतिकारशक्ती आलेल्या पक्ष्याच्या आतड्यात पुढचे आयमेरिया मरतातच. मारण्याचे काम माणसाच्या हातून निघून कोंबडीच्या रक्तातल्या पेशींकडे जाते, इतकाच फरक. हिंसेचा निर्णय कोण मेले यावरच करायचा तर औषध आणि लस यांच्यात निवडण्यासारखे फारसे उरत नाही.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या मात्र केवळ प्राण जाण्यावर थांबत नाही. प्रमादामुळे, म्हणजे गाफीलपणे आणि विकारांच्या आहारी जाऊन, दुसऱ्याचे प्राण हरपले की ती हिंसा, असा त्या व्याख्येचा रोख आहे. दक्षतेने टाकलेल्या पावलाखाली जीव सापडणे आणि बेफिकिरीने टाकलेल्या पावलाखाली सापडणे यांत म्हणूनच भेद केला जातो. आयमेरियाच्या लशीला ही व्याख्या जितकी चपखल लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या लशीला पडत असेल. कारण ही लस दिल्यावर काम संपत नाही. ते तिथून सुरू होते.

लशीचा पहिला घोट फार थोडी प्रतिकारशक्ती देतो. पिल्लाच्या पोटात वाढलेले परजीवी पाच-सहा दिवसांनी विष्ठेतून नव्या ऊसिस्टच्या रूपाने तुसात पडतात. तिथे ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतात, पिल्ले तूस टोचताना ते पुन्हा गिळतात आणि दुसरी फेरी सुरू होते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे सुमारे तीन आठवडे गेले, की पिल्लू सुरक्षित होते. लस देणारा खरा हात शेडमधल्या जमिनीचा असतो. अंगणात आईमागे फिरणारी गावरान पिल्ले माती उकरताना रोग असाच घोट-घोट पचवत आली आहेत. बंदिस्त शेडमध्ये ते अंगण तुसाच्या गादीवर नव्याने उभे करावे लागते.

मराठवाड्यात हे काम अवघड आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तूस भुगा होऊन उडते आणि त्यात पडलेले ऊसिस्ट पिकण्याआधीच वाळतात. लस दिलेली असूनही पिल्ले कोरीच राहतात. पावसाळ्यात उलटे होते. पाण्याच्या गळक्या निपलखाली, भिंतीकडेला तूस भिजते, तिथे ऊसिस्टची रास पिकते आणि लशीतलाच रोग साथ होऊन उलटतो. जाणता पोल्ट्रीवाला सकाळी शेडमध्ये शिरल्यावर पिल्लांच्या पाण्याजवळचे तूस मुठीत घेऊन दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा सैल जमून लगेच फुटला तर ओल बरोबर आहे. गोळा तसाच राहिला तर तिथले तूस काढून कोरडे टाकायचे. काहीच जमले नाही तर हलका पाण्याचा हात मारायचा. पिल्लांना जागा किती दिवसांनी वाढवून द्यायची हेही याच हिशेबात येते, कारण एकदम नव्या तुसावर सोडले तर फेरी तुटते.

चूक कुठे होते हे फवाऱ्यापाशीही दिसते. ऊसिस्ट जड असतात, बाटलीच्या तळाशी बसतात. पाणी सतत ढवळले नाही तर काही खोक्यांतल्या पिल्लांना नुसते रंगीत पाणी मिळते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते आणि बर्फाच्या कप्प्यात गेली तर मरते. मेलेली लस फवारणे हा निव्वळ उपचार राहतो. लशीतून सुटलेल्या पिल्लाची गत सर्वांत वाईट. आठवडाभराने भोवतीच्या भावंडांनी टाकलेल्या ऊसिस्टचा पहिलाच आणि मोठा घोट त्याच्या पोटात जातो. इतरांचे रक्षण करणारी लस त्याच्यासाठी रोगाची लागण ठरते. प्रमादाने होणारी हिंसा म्हणजे नेमके काय, याचे इतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. थेंब तोच, पिल्लेही एकाच दिवशी उबलेली. मधे फक्त पाच मिनिटांचे न ढवळलेले पाणी.

बौद्ध परंपरा हेतूला, चेतनेला, कर्माचे मूळ मानते. त्यावरून न कळत झालेले वाईट हलके ठरावे असे वाटते. मिलिंदपञ्ह या पाली संवादग्रंथात राजा मिलिंद हाच प्रश्न भिक्खू नागसेनाला विचारतो. नागसेनाचे उत्तर अनपेक्षित आहे: अजाणतेपणी करणाऱ्याचे पाप जास्त. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा माहीत नसताना धरणाराच जास्त भाजतो. याच संवादाच्या नावाने बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात उभे केलेले महाविद्यालय मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. तळाशी बसलेल्या लशीची माहिती नसलेला माणूस निर्दोष नाही, असे नागसेनाच्या दाखल्यावरून म्हणावे लागते. जीव ज्याच्या हाती आहे त्याला अज्ञानाची सवलत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हा त्यांच्या मते नियम नसून तत्त्व आहे, आणि तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते. रोग देण्याची गरज आणि रोग देण्याची इच्छा असाच भेद इथे करता येतो. मात्र गरज कोणाची, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. हजारो पिल्ले एका छपराखाली कोंबली जातात म्हणून रोग माजतो, आणि रोग माजतो म्हणून लशीची गरज पडते. ब्रॉयलरचे आयुष्य सुमारे चाळीस दिवसांचे. लस दिली तर त्यातले तीन आठवडे प्रतिकारशक्ती मिळवण्यात जातात आणि उरलेले वजन वाढवण्यात. ब्रॉयलरला म्हणून बहुधा खाद्यातून औषधच देतात. लस मुख्यतः पैदाशीच्या आणि अंड्यांच्या कोंबड्यांना मिळते, कारण त्या जास्त दिवस जगणार असतात.

व्रतस्थ जैन श्रावकाला कोंबडीपालनाचा धंदाच वर्ज्य आहे, त्यामुळे त्याच्यापुढे प्रश्न इथपर्यंत येत नाही. इस्लाममध्ये कोंबडी खाण्याला परवानगी आहे, पण पाळलेल्या प्राण्याची हेळसांड हा गुन्हा आहे: मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाली आणि तहानलेल्या कुत्र्याला जोड्यातून पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, अशा दोन हदीस प्रसिद्ध आहेत. या दृष्टीने लस हे पाळणाऱ्यावरचे देणे आहे. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली काशीची गंगा वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली; ते गाढव त्यांचे नव्हते आणि त्याच्याकडून काही मिळायचे नव्हते. कोंबडीच्या लशीला त्या दयेच्या पंगतीला बसवता येणार नाही. देणे फेडणे आणि दया करणे वेगळे आहे, पण देणे बुडवण्यापेक्षा ते फेडणे केव्हाही बरे.

एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत जड आहे. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मधल्या आरोग्यविषयक लेखमालेत गांधीजींनी देवीच्या लशीला विरोध केला. ती गाईच्या शरीरातून, तिला त्रास देऊन काढली जाते, हा त्यातला एक मुद्दा होता. याच गांधीजींनी १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य वेदनेत पडलेल्या वासराला विषाची सुई टोचण्यास संमती दिली आणि तीच अहिंसा असल्याचे सांगितले. म्हणजे स्वतः त्या वासराच्या सुखासाठी केलेले मारणे त्यांना मान्य होते. एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याला दिलेली वेदना मान्य नव्हती. आयमेरियाच्या लशीत ही दुसरी वेदना आहेच. हा परजीवी जिवंत पक्ष्याच्या आतड्याबाहेर लशीपुरत्या प्रमाणात वाढवता येत नाही. त्यासाठी नियंत्रित वातावरणात वाढवलेल्या रोगमुक्त कोंबड्यांना मुद्दाम लागण करतात, त्यांची विष्ठा गोळा करतात, ऊसिस्ट धुऊन वेगळे काढून बाटल्या भरतात. एकदा लागण झालेला पक्षी प्रतिकारक्षम होतो आणि पुढच्या खेपेला तितके पीक देत नाही, म्हणून दर खेपेला नवे पक्षी लागतात. सौम्य जातींचे पीक मुळातच कमी, त्यामुळे जितकी लस सौम्य तितके तिच्यामागचे पक्षी जास्त. या कोंबड्यांना होणारा रोग त्यांच्या स्वतःच्या रक्षणासाठी दिलेला नसतो.