न दुखणारा खांदा

सांगलीहून साताऱ्याला निघालो तेव्हा पिशवीत थोरल्या बंधूंच्या छातीचा फोटो होता. खोकल्यासाठी काढलेला. फुप्फुसे स्वच्छ होती. पण कडेला, उजव्या खांद्यापाशी, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. डॉक्टर मला म्हणाले, "स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत कॅल्शियम साठलंय. दुखत नसेल तर काही करायचं नाही."

दादांचे काही दुखत नाही. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. मग हा आजार कुणाचा? त्यांचा, की तो ठिपका पाहिलेल्या माझा?

अमेरिकेत १९४१ साली बॉसवर्थ नावाच्या डॉक्टराने १२,१२२ खांद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरांत जवळजवळ तिघांच्या खांद्यात हा चुना सापडला, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याचा पत्ताही नव्हता. (म्हणजे आमच्या गल्लीतही दोनचार निघतील!) हा चुना पुष्कळदा आपोआप विरघळतो, आणि विलक्षण हे, की खरी कळ बहुधा तो विरघळतानाच येते.

सांगावे, तर दादा उद्यापासून हात जपून उचलणार; दुखणे कळण्यातूनच सुरू होणार. न सांगावे, तर खांदा त्यांचा, त्यातले गुपित राखणारा मी कोण?

"फोटोत काय निघालं रे?" स्टुलावर चढून आकाशकंदील टांगताना दादांनी विचारले.

"फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत."

धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो अशाच एखाद्या वाक्याने. दादांनी उजवा हात आणखी उंच नेला.

"सुतळी दे," ते म्हणाले.

फोटो अजून पिशवीतच आहे.