खते बुडविण्याचा अधिकार कोणाला?

श्रीतुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीच्या डोहात बुडविली, ही कथा वारकऱ्यांच्या घरातले लहान मूलही जाणते. आम्ही ती कीर्तनात चाळीस वर्षे सांगत आलो. परंतु त्याच कथेने एका गावी मोठा घोटाळा केला, आणि तो घोटाळा करणारे आम्हीच होतो. त्यातून जो धर्मविचार पुढे आला, तो वाचक माउलींपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

लातूरकडील एका गावी सप्ताह होता. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, त्यानंतरचे ते दिवस. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजलेले, बांध फुटलेले, माणसे खचलेली. अशा लोकांना धीर द्यावा म्हणून आमच्या सेवेच्या रात्री आम्ही तुकोबांचे वैराग्य लावून धरले. खते बुडविण्याचा प्रसंग फार रंगला. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी आले, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही आपल्या वाणीचे कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून बसलो, तो चार-पाच बाया दारात उभ्या. त्यांतील वडीलधारीच्या हातात कापडात गुंडाळलेली वही होती. पाया पडून ती म्हणाली, "म्हाराज, रातीचं कीर्तन लै गोड झालं. पर आमच्या गटात आग लागली की!"

प्रकार असा. बारा जणींचा बचत गट. प्रत्येकीने महिन्याला शंभर रुपये टाकायचे. म्हणजे महिन्याचे बाराशे, वर्षाचे चौदा हजार चारशे. पाच वर्षे हे चालले आहे. कोणी शेतमजुरी करून टाकते, कोणी दूध घालून, कोणी शिलाई करून. त्यातून एकमेकींना शेकडा दोनने कर्ज द्यायचे. व्याज येते तेही गटातच राहते. गावचा सावकार शेकडा पाच घेतो. त्यांतील एकीने सोयाबीनच्या बी-खतासाठी वीस हजार उचलले आणि पीक पाण्यात गेले. दोन हप्ते थकले. आमचे कीर्तन ऐकून तिचा नवरा पहाटेच वहीवालीच्या दारात आला, आणि म्हणाला, "महाराजांनीच सांगितलं, खतं बुडवावीत. टाका ती वही तळ्यात!" गटातल्या दोघी-तिघीही म्हणू लागल्या की संतांनी केले ते आपण का करू नये?

वहीवाली बाई पुढे म्हणाली, "म्हाराज, तुकोबाची खतं सावकारीची व्हती. ही वही बारा जणींच्या घामाची हाय. ही बुडवली तर पुण्य कुणाचं, अन् बुडणार कोण?"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. "माउली, सांजच्याला सांगतो" म्हणून वेळ मागून घेतली आणि दिवसभर विचार केला. तो विचार शास्त्राच्या रीतीने, शंका-समाधानाने मांडतो.

पहिली शंका अशी की, संतांचे आचरण आपणांस प्रमाण असेल, तर कर्जमाफी हाच धर्म नव्हे काय? समाधान: कथा पुरी आठवावी. सन १६३० च्या सुमाराच्या घोर दुष्काळात तुकोबांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे खते बुडवायची वेळ आली, तेव्हा धाकटे बंधू कान्होबा म्हणाले की माझ्या संसाराचे काय? तुकोबांनी खतांची वाटणी केली. निम्मी कान्होबांना दिली आणि केवळ आपल्या वाट्याची डोहात सोडली. हा वाटणीचा भाग आम्ही घाईघाईने सांगून पुढे जात असू, कारण त्यात रंग भरत नाही. परंतु धर्म तेथेच आहे. वैराग्य आपल्या वस्तूचे असते; दुसऱ्याच्या वस्तूचे वैराग्य दाखविणे याला शास्त्रात दुसरेच नाव आहे. वीस हजार बुडविले तर बारांतील प्रत्येकीच्या सोळा महिन्यांहून अधिक बचतीवर पाणी पडते. ज्या विधवेने एकादशीच्या फराळातून शंभर रुपये वाचविले, तिच्या वतीने उदार होण्याचा अधिकार नवऱ्याला नाही, आणि कीर्तनकाराला तर मुळीच नाही.

दुसरी शंका: मग हीही सावकारीच झाली! व्याज घेतात, वसुली करतात. भेद तो काय? येथे आम्हांस पाठशाळेतील व्याकरण उपयोगी पडले. कर्ज देणारा तो उत्तमर्ण, घेणारा तो अधमर्ण. पाणिनीच्या कारकप्रकरणात हा उत्तमर्ण शब्द आम्ही लहानपणी घोकला. भाषेनेच एकाला उत्तम ठरविले आणि दुसऱ्याला अधम! सावकाराच्या ओटीवर हाच भेद चालतो. परंतु बचत गटात काय घडते? जी आज घेते ती कालची देणारी आहे, आणि उद्या पुन्हा देणारी होणार आहे. एकच बाई उत्तमर्ण आणि तीच अधमर्ण. तेथे कर्ज घेतल्याने मान खाली जात नाही. दानाने पोट भरते खरे, पण घेणाऱ्याचा हात खालीच राहतो. येथे सगळे हात एका पातळीवर येतात. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, त्याचाच हा व्यवहारातला अवतार म्हणावा.

नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून गट आणि बँक यांची जोडणी सुरू केली, आज असे गट देशभर लाखांनी आहेत. परंतु सावध असावे. घरोघर फिरून गटाच्या नावाने कर्ज वाटणाऱ्या कंपन्याही आहेत. तेथे बायांची बचत नसते, केवळ हप्ता असतो, आणि एकीचा हप्ता फेडण्यास दुसरीचे कर्ज काढण्याची पाळी येते. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून नियम केला की, अशा कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. हा नियम प्रत्येक बाईला तोंडपाठ असावा.

तिसरी शंका सर्वांत कठीण. ती थकलेली बाई आळशी नव्हती, उधळी नव्हती. पाऊस कोसळला यात तिचा काय अपराध? समाधान: अपराध नाहीच. दगडी कोळसा आणि तेल जाळून जगाने हवा तापविली. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, मग पाऊस अडतो तेव्हा आठवडेच्या आठवडे अडतो, आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. याच लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते, आणि तोच मराठवाडा २०२५ मध्ये पाण्यात बुडाला. ज्या बाईच्या घरी मोटार नाही, तिने हा भार का सोसावा? न्यायाने पाहता जगच तिचे अधमर्ण आहे. परंतु ते ऋण तिच्या अकरा मैत्रिणींवर नाही. जगाचे देणे त्या अकराजणींकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.

मग उपाय काय? कर्ज फेडता येईल की नाही, हे कर्ज कशासाठी घेतले यावरही ठरते. सगळे शेत एका सोयाबीनवर लावले की एका पावसात सगळे जाते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभी राहिलेली स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था मराठवाड्यातील बायांना सांगते की, घरच्या शेतातला एखादा एकर आपल्याकडे मागून घ्या. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला असे मिसळून लावा. शेणखत वापरा, पाणी जपा. आधी घरचे ताट, मग बाजार. या कामास २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे विषुववृत्त पारितोषिक मिळाले. मिश्र पीक आपल्या आजी-पणजींना ठाऊक होतेच. आपण ते मागासलेपण समजून टाकून दिले.

परंतु एक एकर मागायचा कोणाकडे? येथे अधिकाराचा प्रश्न येतो. मिताक्षरेत विज्ञानेश्वरांनी स्त्रीधनाचा अर्थ चांगला व्यापक केला आहे. वारसाहक्काने आलेले धनही त्यात धरले. म्हणजे बाईला धन नसावे, असे शास्त्र म्हणते हे बोलणे अर्धवट अभ्यासाचे आहे. पंढरीच्या पश्चिमेस माण तालुक्यात म्हसवड आहे. तेथील बायांनी बँक काढू म्हटले, तेव्हा या निरक्षर आहेत म्हणून परवानगी नाकारली गेली. बाया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवितो म्हणाल्या. १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या संप्रदायाने जनाबाईंना अभंगाचा अधिकार दिला, त्याच्या लोकांनी वहीचा आणि सातबाऱ्याचा अधिकार देताना का अडखळावे?

संध्याकाळी आम्ही हे सर्व त्या बायांना सांगितले, आणि निर्णय तुमचा असेही सांगितले. त्यांनी मारुतीच्या पारावर बैठक घेतली. मुद्दल सोडायचे नाही. पुढचे पीक हाती येईपर्यंत हप्ता थांबवायचा. त्या काळाचे व्याज सर्वजणींनी मिळून सोडायचे, कारण ते त्यांचेच होते. हरभरा आणि भाजीच्या बियाण्यास गटातून तिला आणखी दोन हजार दिले. ठराव वहीत लिहून प्रत्येकीने सही केली. सही करताना ती थकलेली बाई रडली आणि म्हणाली, "माफ केलं असतं तर मला पुना बैठकीत बसायला तोंड नव्हतं."

हे ऐकून आम्ही मान खाली घातली. माफीत दया असते, परंतु माफ झालेल्या माणसाची जागा कोठे राहते, हे आम्ही चाळीस वर्षांत कधी विचारले नव्हते.

नंतर आम्ही तिच्या नवऱ्याला बोलावून घेतले. त्याने एक एकर तिला कसायला दिला. सातबाऱ्यावर तिचे नाव चढवशील का, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बघू, महाराज." ते अजून चढलेले नाही. तो माळकरी आहे, दर आषाढीला पायी येतो. येत्या वारीत दिंडीत भेटेल तेव्हा आम्ही पुन्हा विचारणार आहोत.

कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती की, खतांची कथा अवश्य सांगावी, परंतु वाटणीसह सांगावी. आणि वाचक माउलींनी आपल्या घरचा सातबारा एकदा काढून पाहावा, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते.