काटा कळला नाही

पैठणहून पंढरीस निघालेल्या नाथांच्या पालखीत एका माळकऱ्याने मला विचारले, "बुवा, बाभळीचा काटा टाचेत मोडला, रक्त आले, पण मला कळलेच नाही. देहभान हरपले, ही देवाची कृपाच ना?" माझ्या तोंडी 'होय' आलेच होते.

पण सज्जनहो, वेदना कळूनही चित्त न ढळणे हे वैराग्य. वेदनाच न कळणे हे वैराग्य नव्हे. भजनात हरपलेले भान भजन संपताच परतते. त्याची टाच मुक्कामीही बधिरच होती. अशी बधिरता मधुमेहाने येते, कुष्ठरोगानेही येते. न दुखणारी जखम दुर्लक्षाने चिघळते आणि पाय गमावण्याची पाळी येते. कुष्ठरोगाचे औषध तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ते 6 ते 12 महिने घ्यावे लागते.

"डॉक्टरकडे गेलो तर श्रद्धा उणी नाही का पडत?"

"माउली, सोसायचे काय, ते आधी कळू तर दे! आजच डॉक्टरला पाय दाखव. परतल्यावर संभाजीनगरला घाटीत नीट तपासून घे. 1956 साली ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते कशासाठी?"

तो गेला. माझे 'होय' मात्र त्याला केवढ्याला पडले असते! आपल्या भाविकपणाची किंमत दुसऱ्याच्या पायाने चुकवू नये, एवढे मी त्या दिवशी शिकलो.