नाव आणि नावं

मराठीत एका अनुस्वाराने माणसाचं वाटोळं होतं. बाळाचं 'नाव' ठेवायला आपल्याला बारा दिवस लागतात. पाळणा, घुगऱ्या, आत्याबाई, सगळा थाट. 'नावं' ठेवायला बारा सेकंदही पुरतात, आणि तिथे आत्याबाईंची मक्तेदारी नाही.

मी बँकेतला कारकून. डहाणू-तलासरी भागात होतो तेव्हा थकलेल्या हप्त्यांची यादी माझ्याकडे असे. त्यातला एक वारली खातेदार दिवाळीपासून होळीपर्यंत फिरकला नाही. मी पेन्सिलीने शेरा मारला : 'बुडव्या'. साहेबांनी वाचून मान डोलावली. झालं! पेन्सिलीचं अक्षर पक्कं झालं.

पाऊस तोंडावर आला आणि हा गृहस्थ हजर. सहकुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. कमरेच्या फडक्यातून नोटा काढून म्हणाला, "सायेब, मोजून घ्या." इतक्या सावकाश मी जन्मात नोटा मोजल्या नव्हत्या. मोजून झाल्या की मान वर करावी लागणार होती.

याच मुलखात पूर्वी लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलेला वारली बायकोसह त्याच्याकडे राबे, तरी कर्ज फिटत नसे. त्याला म्हणत 'लग्नगडी'. नवरदेवाचा गडी करणारं हे बारसं सावकाराच्या दारी झालेलं. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उठले आणि त्यांनी वेठ नाकारली.

मग काय, कोणाला काही म्हणायचंच नाही? छे! परुळेकरांनी वेठीला वेठच म्हटलं. गुळमुळीत बोलून ती हटली नसती. हप्ता थकला तर थकला म्हणायलाच हवं, मला पगार त्याचाच मिळतो. पण 'हप्ता थकला' हा हिशेब झाला, 'बुडव्या' हे बारसं. हिशेब भरणा केला की मिटतो. बारसं मिटवायचा रकाना कुठल्याच खातेवहीत नाही.

तो गेल्यावर मी खोडरबर घेऊन बसलो. अक्षर गेलं, पण कागदावर वळ राहिला. पुढच्या वर्षी त्याचा कर्जाचा अर्ज आला, तेव्हा साहेब चष्मा सारखा करत म्हणाले, "हा तोच ना हो, बुडव्या?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "ते मी ठेवलेलं. त्याचं नाव वरच्या ओळीत आहे."