पोलिसाची भूमिका कोण करणार?

शाळेतले नाटक म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ, असे मानणारे पालक आपल्याकडे थोडे नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेत नाटकाला रकाना नसतो, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. तरीही एक उदाहरण घेऊन पाहू.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि आणखी चौघे त्यात गेले. शिरीषकुमार अवघा पंधरा वर्षांचा होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. पुढे धुळे जिल्ह्यात राहून १९९८ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. धुळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या शाळेत नववीच्या मुलांनी हा प्रसंग रंगमंचावर आणायचे ठरवले, तर काय घडेल?

पहिली अडचण भाषेची. मेहता कुटुंब गुजराती, बाजारात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, साहेबाची इंग्रजी. एरवी वर्गात तोंडून बोलीतला शब्द निसटला की मुलगा ओशाळतो. रंगमंचावर तोच शब्द अचूक ठरतो आणि पुस्तकी मराठी बोलणारी भाजीवाली खोटी वाटू लागते. आसोद्याच्या निरक्षर बहिणाबाईंची कविता पाठ करूनही जे उमगले नव्हते, ते इथे एका वाक्याच्या उच्चारात उमगते. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा तर नुसते ओरडून भागत नाही, श्वास सांभाळावा लागतो. हे शरीरशास्त्रच झाले. गणिताचे म्हणाल, तर सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. पडद्यांचे भाडे आणि वर्गणी यांचा मेळ मुलांनाच घालू द्यावा.

परंतु खरा पेच इतिहासाचा, म्हणजेच नीतीचा आहे. झेंडा धरायला सारा वर्ग तयार असतो. बंदूक कोण धरणार? शिक्षक बहुधा ती एखाद्या दांडगट मुलाच्या हाती देऊन मोकळे होतात. मला हे पटत नाही. ती वर्गातल्या सर्वांत सौम्य मुलाला द्यावी. त्या काळी जिल्हा पोलिसांतले साधे शिपाई बहुतेक आपल्याच मुलखातले असत. त्याला घर होते, पगार होता, वरून हुकूम आला होता. पाठ्यपुस्तकात ‘गोळीबार झाला’ एवढेच असते. त्या वाक्याला माणूस कर्ता म्हणून लागतच नाही. रंगमंचावर मात्र कोणाला तरी चाप ओढावाच लागतो.

आपल्याला हा अनुभव अगदीच परका नाही. उत्तम शुक्रवारी संत योहानाच्या दुःखसहनाचे वाचन होताना जमावाचे शब्द आपणा भाविकांनाच उच्चारावे लागतात, आणि ते कोणाच्याही ओठी सहज येत नाहीत.

संत ऑगस्टीन यांचा आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. तरुणपणी कार्थेजच्या नाट्यगृहात ते रडत असत. पुढे ‘कन्फेशन्स’मध्ये त्यांनी विचारले, की जिथे मदतीला धावायचे नसते, नुसते हळहळायचे असते, ती करुणा कसली? प्रेक्षकापुरता हा प्रश्न बिनतोड आहे. नट झालेल्या मुलाला तो तितकासा लागू पडत नाही. लाकडी बंदुकीचे टोक मित्राच्या डोळ्याला लागू नये, पडताना त्याचे डोके आपटू नये, याची काळजी प्रत्येक तालमीत त्या पोलिसालाच घ्यावी लागते. ज्याला मारायचे त्यालाच जपायचे!

विसाव्या तालमीला असा एखादा मुलगा विचारील, “सर, याने बंदूक खाली ठेवली असती तर?” इतिहास बदलता येत नाही, असे सांगून त्याला गप्प करू नये. संहिता आहे तशीच ठेवावी, आणि चाप ओढण्यापूर्वी त्याला वाटेल तितका वेळ थांबू द्यावे.