शिबीचा तराजू

शरण आलेल्या कबुतरासाठी शिबीराजाने आपल्या मांडीचं मांस कापून तराजूत घातलं, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. त्या गोष्टीत सुरी राजाच्याच हातात असते. जिवंत माणसाच्या यकृताचा भाग दुसऱ्याला बसवताना ती डॉक्टरच्या हातात असते, आणि प्रश्न तिथूनच सुरू होतो. ज्याला कसलाही आजार नाही, त्याचं पोट डॉक्टरने उघडावं कोणत्या अधिकाराने?

शिकागोच्या डॉक्टरांना 1989 मध्ये हा प्रश्न टाळावासा वाटला नाही. त्यांनी आधी या शस्त्रक्रियेची नैतिक बाजू वैद्यकीय नियतकालिकात उघडपणे मांडली आणि नोव्हेंबरमध्ये एका आईच्या यकृताचा तुकडा तिच्या लहानग्या लेकीला बसवला. मुलगी वाचली. पण शस्त्रक्रियेत आईच्या प्लीहेला इजा झाली आणि ती काढून टाकावी लागली. देणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या पहिल्या पावलालाच दिसलं.

तराजू इथेही आहे. बसवायचा तुकडा घेणाऱ्याच्या वजनाच्या साधारण 0.8 टक्के तरी असावा लागतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळपास 480 ग्रॅम. बाळाला डाव्या बाजूचा छोटा भाग पुरतो, मोठ्या माणसासाठी बहुधा उजवा, 60 टक्क्यांच्या आसपासचा भाग काढावा लागतो. घेणाऱ्याची गरज वाढली की देणाऱ्याचा धोकाही वाढतो. यकृत काही आठवड्यांतच पुष्कळसं भरून येतं, हा निसर्गाचा मोठा दिलासा. तरीही पित्त झिरपणं, जखम चिघळणं, पुढे हर्निया होणं असे त्रास अनेकांना होतात, आणि हजार दात्यांमागे साधारण 1 ते 5 जण दगावतात. दुसऱ्या पारड्यात चांगल्या केंद्रांतले बहुसंख्य रुग्ण आहेत, जे दान मिळालं नसतं तर गेलेच असते आणि आज वर्षानुवर्षं जगताहेत.

जपानमध्ये मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेण्याचा कायदा 1997 मध्ये आला. तोवर तिथल्या रुग्णांना आप्तांचाच आधार होता. कायद्यानंतरही आप्त देतच राहिले. क्योटोत लेकीला यकृत देणारी एक आई 2003 मध्ये वारली, तेव्हा सारा देश हादरला.

भारतात 1994 पासून कायदा आहे, तरी यकृताची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांवरच चालतात. देणाऱ्यांत बायका जास्त, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. याला नुसतं प्रेम म्हणून गप्प बसता येत नाही. घरात ‘तू देशील का?’ असं तोंडाने कुणी विचारत नाही. सगळे नुसते बघतात. त्या नजरेसमोर दिलेला होकार कितपत मोकळा?

केरळमध्ये 17 वर्षांच्या एका मुलीला वडिलांना यकृत द्यायचं होतं. अल्पवयीनांना कायद्याची आडकाठी होती. डिसेंबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिचा निर्धार खरा होता, यात शंका वाटत नाही. पण तिच्याच वयाच्या, नको म्हणावंसं वाटणाऱ्या मुलीने कोणाचं दार ठोठवावं?

काही केंद्रांत त्यासाठी एक वाट ठेवलेली असते. दात्याशी घरच्यांना बाहेर बसवून बोलतात, आणि त्याने माघार घेतली तर कुटुंबाला एवढंच कळवतात की हा दाता योग्य ठरला नाही. हे पूर्ण सत्य नव्हे. पण युधिष्ठिराच्या अर्धसत्याने द्रोणांचा जीव घेतला. हे अर्धसत्य मात्र एका घाबरलेल्या सुनेला त्याच घरात मान वर करून राहू देतं. ते बोलणाऱ्या डॉक्टरला दोष देणं अवघड आहे.