धान राखून तांदूळ द्यावा

दिवाळी सरते, बांधीतलं धान खळ्यावर येतं आणि भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावांत नाटकांचे दिवस सुरू होतात. मंडईची जत्रा, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आणि रात्रभर चालणारं नाटक हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं वैभव. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाट्यमंडळांचं माहेर. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं. नट, लेखक, पेटीवाले यांच्याविषयी लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. आज मात्र मला त्या नाटकाचं पोस्टर करणाऱ्या डीटीपी ऑपरेटरच्या कामाविषयी बोलायचं आहे.

कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टर उभं राहतं ते थराथरांनी. सगळ्यात खाली रंगाची पार्श्वभूमी. तिच्यावर कडा विरघळवलेले नटनट्यांचे चेहरे. त्यांच्यावर अर्धी पारदर्शक काळी पट्टी, पट्टीवर सावली दिलेलं नाटकाचं नाव आणि सर्वांत वर गाव, मंडळ, तारीख, वेळ. पडद्यावर हे सगळं एकमेकांतून सुरेख दिसतं. कागदाला मात्र अर्धं पारदर्शक असं काही ठाऊक नसतं. ऑफसेटच्या प्लेटवर एका ठिपक्याच्या जागी शाई असते किंवा नसते. म्हणजे पडद्यापासून कागदापर्यंतच्या वाटेत कुठेतरी, कुणीतरी, या थरांचा हिशेब करून प्रत्येक जागेचा एकच रंग ठरवावा लागतो. ‘फ्लॅटन’ करणं म्हणजे हा हिशेब.

त्याला इतिहास आहे. 1984 साली आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेत वरची आकृती खालचीला पूर्ण झाकत असे. आरपार दिसण्याची सोयच नव्हती. इलस्ट्रेटर 1987 मध्ये आलं, पण त्यात खरी पारदर्शकता यायला 2000 साल उजाडलं. पुढच्या वर्षी पीडीएफच्या 1.4 आवृत्तीनं ती सामावून घेतली. छापखान्यांची यंत्रं मात्र एका वर्षात बदलत नाहीत. म्हणून छपाईसाठी ठरवलेल्या पीडीएफ एक्स-1ए या मानकात जिवंत पारदर्शकतेला मनाई आहे, तर नंतरच्या एक्स-4 मध्ये ती चालते. आपला छापखाना यातलं काय घेतो, हे काम सुरू करण्याआधी विचारावं. बऱ्याच भानगडी एका फोननं टळतात.

फ्लॅटन करताना सॉफ्टवेअर एकमेकांवर आलेल्या आकृत्यांचे तुकडे पाडतं. जिथे गणित सोपं तिथे रेषा रेषाच राहते. जिथे सावली, धूसरपणा, फोटो आहे तिथे त्या भागाचं चित्र होतं, ठिपक्यांचं. इथे देवनागरीची परीक्षा असते. आपली शिरोरेखा अक्षरांना जोडत सलग जाते. नावाचा अर्धा भाग सावलीच्या कक्षेत सापडला, तर तेवढी शिरोरेखा चित्रात जाते आणि उरलेली रेषेतच राहते. छापून आल्यावर एकाच शब्दाची रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक. रोमन लिपीत अक्षरं सुटी असल्यानं हा दोष सहज खपून जातो, मराठीत डोळ्यांत खुपतो. अक्षरांचे कर्व्ह करताना, म्हणजे फॉन्टच्या अक्षरांच्या आकृत्या करतानाही तसंच. दोन अक्षरांच्या शिरोरेखा जिथे एकमेकींवर येतात, तिथे कर्व्ह ‘कंबाइन’ केले तर बारीक पांढरी भोकं पडतात. सुट्या अक्षरांना पारदर्शकता दिली तर तेवढाच जोड गडद दिसतो. अशा वेळी आधी ‘वेल्ड’ करून शब्द एकसंध करावा, मगच त्यावर परिणाम चढवावा. मजकुराचा थर, म्हणजे लेयर, शक्यतो सगळ्या पारदर्शक वस्तूंच्या वर ठेवावा, म्हणजे तो या तुकड्यांच्या तडाख्यातून वाचतो. ही शिस्त सॉफ्टवेअर आपल्याला शिकवत नाही. मराठी छापणाऱ्यानंच ती सांभाळायची आहे.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते क्रमाचं भान. फ्लॅटन करणं वाईट नाही. पोस्टर कधीतरी छापायचंच आहे, आणि छापायचं तर सगळे पर्याय उघडे ठेवून चालत नाही. निर्णय घ्यावाच लागतो. पण तो निर्णय प्रतीवर घ्यावा, मूळ फाइलवर नव्हे. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. धान भरडून तांदूळ करतात, तांदूळच शिजतो, पण तांदूळ पेरता येत नाही. म्हणून बियाण्याचं धान आधी बाजूला काढतात. थर असलेली फाइल हे बियाणं, आणि छापखान्याला पाठवायची सपाट फाइल हा तांदूळ.

नाटकाच्या पोस्टरला तर हे फारच लागू पडतं. एकच नाटक हंगामात गावोगाव होतं. आज दिघोरीत, उद्या दुसरीकडे. चेहरे तेच, नाव तेच. बदलतं ते गाव, आयोजक मंडळ आणि तारीख. या तीन गोष्टींचा स्वतंत्र लेयर असेल तर नवं पोस्टर चहा निवायच्या आत तयार होतं. नसेल, तर कुणीतरी छापील फोटोवर पांढरा चौकोन टाकून त्यावर तारीख चिकटवतो, आणि अशी ठिगळं आपण सगळ्यांनी चौकाचौकांत पाहिली आहेत. ज्या कलेसाठी माणसं थंडीत रात्रभर बसून राहतात, तिच्या दारावरची पाटी अशी असू नये.

म्हणून पोस्टर करणाऱ्या मित्रांना विनंती. लेयरला ‘लेयर 1’, ‘लेयर 2’ एवढ्यावर सोडू नका. ‘पार्श्वभूमी’, ‘चेहरे’, ‘गाव-तारीख’ अशी नावं द्या, कारण पुढच्या वर्षी ती फाइल दुसराच कुणी उघडेल. कर्व्ह आणि फ्लॅटन नेहमी ‘सेव्ह ॲज’ केलेल्या वेगळ्या प्रतीवर करा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, पोस्टरचे पैसे देताना मूळ फाइलही मागून घ्या; ती दोन ठिकाणी जपून ठेवा.